भरतीचे आकडे

प्रश्न : ‘तेजाब’मधलं ‘एक दो तीन’ आमच्या तरुणपणी गणपतीच्या मिरवणुकीत वाजल्याशिवाय राहत नसे. पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंत दहा वेळा तरी लागायचं. परवा मुलगा म्हणाला, “बाबा, ते आकडे म्हणे नुसते जागा भरायला घातले होते, खरे शब्द सुचेपर्यंत.” हे खरं आहे का? आणि खरं असेल तर गीतकाराने मग केलं काय? मोजणी तर बालवाडीतलं पोरही करतं.
— एक वाचक, औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मुलगा सांगतो ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेल्या अर्ध्यात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि मला विचाराल तर गोष्टीची खरी गंमतही तिथेच आहे.

आधी खरा भाग. हिंदी चित्रपटात बहुतेक वेळा चाल आधी होते आणि शब्द मागून येतात. दिग्दर्शक प्रसंग सांगतो, संगीतकार पेटी पुढे ओढतो, ढोलकवाला ठेका धरतो आणि चाल आकार घेऊ लागते. या बैठकीला तिथे ‘सिटिंग’ म्हणतात. आता अडचण अशी, की नुसत्या ‘ला ला ला’वर चाल ऐकवली तर गीतकाराला अंदाज येत नाही. ओळ कुठे तुटते, कुठला स्वर लांबतो, ठोका कुठल्या अक्षरावर पडतो, हे कळायला काहीतरी शब्द लागतात. म्हणून संगीतकार तोंडाला येतील ते शब्द टाकून देतो. त्यांना ‘डमी’ म्हणतात. बांधकामाला लावलेल्या परांची-बांबूंसारखे ते असतात. स्लॅब पडला की निघायचे.

‘तेजाब’च्या वेळी संगीतकार होते लक्ष्मीकांत-प्यारेलाल. मुखड्याची चाल ऐकवताना लक्ष्मीकांतांनी डमी म्हणून सरळ आकडे म्हटले, आणि गीतकार जावेद अख्तर यांनी ते आकडे काढून टाकायला नकार दिला. चित्रपटसृष्टीत वर्षानुवर्षं सांगितली जाणारी हकीगत ती एवढीच. ऐकायला मजेशीर आहे, आणि म्हणूनच ती इथे संपते असं लोकांना वाटतं. आळसाने राहून गेलेले शब्द, नशिबाने गाजले, संपलं.

पण आता जरा बोटांवर मोजत बसा. हिंदीत एकपासून दहापर्यंत मोठ्याने मोजा. एक, दो, तीन, चार, पाँच, छे, सात, आठ, नौ, दस. दहाच्या दहा शब्द एका दमात, एका ठोक्यात संपतात. एकही शब्द दोन तुकड्यांत फुटत नाही. मराठीत मोजून बघा : पाचपर्यंत ठीक चालतं आणि ‘सहा’ला पाय अडखळतो. पुढे ‘नऊ’ आणि ‘दहा’ तेच करतात. म्हणजे ही चाल मराठीत बांधली असती तर डमी म्हणून आकडे घालणं लक्ष्मीकांतांना सुचलं असतं की नाही कोण जाणे. सहावरच ताल घसरला असता. हिंदीतले आकडे मात्र ताशाच्या काठीसारखे एकेक करून पडतात. ‘ग्यारह’, ‘बारह’ला शब्द किंचित लांबतो, तेवढ्यात चालही वळण घेते, आणि मग येतो तेरा.

गीतकाराचं काम इथे सुरू होतं. हिंदीत तेरा म्हणजे ‘तेरह’, पण बोलताना ‘ह’ गिळला की तो ‘तेरा’ होतो, म्हणजे ‘तुझा’. मोजणी तेरावर आली की आकडा आकडाच राहतो आणि त्याच दमात ‘तुझी वाट बघते’ या वाक्याचा पहिला शब्द होतो. आकडा कुठे संपला आणि वाक्य कुठे सुरू झालं, हे ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही. मराठी माणसाला तर हे अधिकच सोपं जातं, कारण आपला तेरा मुळातच ‘तेरा’ आहे. त्यातला ‘ह’ आपण केव्हाच सोडून दिलेला. लक्ष्मीकांतांनी आकडे दिले हे खरं. पण ती मोजणी कशाची आहे, हे अख्तरांनी ठरवलं. ती दिवसांची आहे. एक मुलगी महिन्याच्या तारखा मोजत कुणाची तरी वाट बघते आहे.

एकदा हे ठरल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. अंतऱ्यांमध्ये तारखा पुढे चालूच राहतात. चौदा तारखेला निरोप येतो, पंधराला येण्याचा वायदा होतो आणि मोडतो. सोळा तारखेला सोळा शृंगार येतात. हिंदी गीतकाराने तिथे दुसरं काही लिहिलं असतं तरच नवल. सतरा-अठराला आशा सुटते, एकोणीस रडण्यात जाते आणि विसाला मनाचे तुकडे होतात, तेही मोजून वीस. पुढे एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस या तारखा तर नुसत्या भराभर पानं उलटावीत तशा जातात. कंटाळलेल्या माणसाचे दिवस असेच जातात ना? सव्वीसपर्यंत येऊन ती सांगते, की आता महिन्याचे चारच दिवस उरले. बेरीज करून बघा, बरोबर तीस होते. बालवाडीतलं पोर मोजतं हे कबूल, पण हा हिशोब त्याला जमणार नाही.

जावेद अख्तर मुळात पटकथाकार. सलीम खान यांच्याबरोबर ‘शोले’, ‘दीवार’ लिहून झाल्यावर १९८१च्या ‘सिलसिला’पासून ते गाण्यांकडे वळले. त्यामुळे त्यांच्या हाती आकडे पडले तेव्हा त्यांना यमकं दिसायच्या आधी प्रसंग दिसले असावेत, असं मला राहून राहून वाटतं. प्रत्येक तारखेला काहीतरी घडतं. निरोप, वायदा, भंग, रुसवा. दोन-तीन ओळींत एकेक दृश्य. कथा लिहिणाऱ्याचा हात तो.

आणि गाण्यात दिवस मोजणं ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नव्हती. उत्तरेत ‘बारहमासा’ हा विरहगीतांचा जुना प्रकार. परदेशी गेलेल्या नवऱ्याची बायको एकेक महिना मोजत झुरते. अख्तरांनी महिन्यांच्या जागी तारखा घातल्या. आणि मराठी घरातल्या बायकांना तर ही मोजणी तोंडपाठ. पाळणा कुठलाही घ्या, रामाचा, कृष्णाचा नाहीतर शिवबाचा. पहिल्या दिवशी काय झालं, दुसऱ्या दिवशी काय, असं करत बाराव्या दिवशी बाळाचं नाव ठेवेपर्यंत तो चालतो. डोहाळ्यांच्या गाण्यांत नऊ महिने ओळीने येतात. जात्यावरच्या ओव्यांना पहिली, दुसरी, तिसरी असे क्रमांक लावून एकेक ओवी एकेका देवाला किंवा नात्याला वाहिली जाते. मराठवाड्यात तर या ओव्यांचं पीक केवढं! तेव्हा १९८८ साली ‘एक दो तीन’ ऐकून आपल्याकडच्या आज्यांनी नाक मुरडलं असेल ते पडद्यावरच्या कपड्यांना. गाण्याचा सांगाडा त्यांच्या चांगल्याच ओळखीचा होता.

‘चालीवर शब्द लिहिणं म्हणजे कारकुनी’ असं आपल्याकडे काही जाणकार अजून म्हणतात. भावगीतात शब्द आधी येतात, म्हणून ते श्रेष्ठ, असा त्यामागचा हिशोब. गदिमांनी शब्द द्यायचे आणि बाबूजींनी चाल लावायची, हे ‘गीतरामायणा’चं चित्र आपल्या डोळ्यांपुढे पक्कं बसलंय. मला मात्र हा भेद पटत नाही. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडून बघा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं छापून कुठल्या तरी आधीच्या गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा लोकांच्या कानात असलेल्या चालींवरच त्यांनी पदं बसवली. ती पदं सव्वाशे वर्षांहून अधिक टिकली आहेत. आधी चाल आली म्हणून कुणी त्यांना कमी लेखत नाही. मग ‘तेजाब’वरच खार कशाला?

तुम्ही मिरवणुकीचं लिहिलंत म्हणून सांगतो. या गाण्यामागची निम्मी मंडळी मराठी आहेत. लक्ष्मीकांत म्हणजे लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर. १९३७च्या लक्ष्मीपूजनाला जन्म, म्हणून हे नाव. वडील लवकर गेले, विलेपार्ल्यात हलाखीत दिवस काढले, मेंडोलिन शिकून पोट भरायला लागले. लहानपणीच प्यारेलाल शर्मांची गाठ पडली आणि १९६३च्या ‘पारसमणी’पासून ही जोडी स्वतंत्रपणे संगीत देऊ लागली. दिग्दर्शक एन. चंद्रा म्हणजे चंद्रशेखर नार्वेकर. ‘अंकुश’, ‘प्रतिघात’ आणि ‘तेजाब’ असे त्यांचे तीन चित्रपट तीन वर्षांत लागोपाठ आले आणि चालले. चित्रपटातल्या नायकाचं नावही महेश देशमुख. आणि पडद्यावर नाचणारी मोहिनी, म्हणजे माधुरी दीक्षित, तिची ओळख करून द्यायची गरज नाही.

विसर्जनाच्या मिरवणुकीत लहान पोरं एकपासून चारपर्यंत मोजून गणपतीचा जयजयकार करतात. राजाबाजारच्या संस्थान गणपतीची आरती होऊन आपल्या शहराची मिरवणूक निघाली की ती घोषणा आजही कानावर येते. लक्ष्मीकांत मुंबईच्या मराठी वस्तीत वाढले, तेव्हा ती त्यांच्याही कानात असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्यावरून चाल तिथूनच उचलली असं म्हणणारे मला भेटलेत. मी तसं म्हणणार नाही. पण जे गाणं आकड्यांनी सुरू होतं आणि ज्याच्या सुरुवातीला गर्दी एका नावाचा घोष करत असते, ते मिरवणुकीत इतकं फिट्ट का बसलं, याचं आश्चर्य वाटायला नको.

आता नाचाबद्दल. ‘तेजाब’ ११ नोव्हेंबर १९८८ला लागला. तोवर माधुरीचे ‘अबोध’ धरून बरेच चित्रपट येऊन गेले होते आणि ‘दयावान’ सोडला तर बाकीचे कुणाच्या लक्षातही नव्हते. कथ्थक शिकलेली मुलगी. नृत्यदिग्दर्शिका सरोज खान यांनी तिच्याकडून जे करून घेतलं ते कथ्थकच्या चौकटीत बसणारं नव्हतं, पण त्यातली हातांची सफाई आणि डोळ्यांची भाषा आली ती तिथूनच. कथेत मोहिनीला तिचा बाप पैशासाठी नाचवत असतो. समोर हजारोंची गर्दी आहे आणि ती गातेय मात्र न येणाऱ्या एका माणसासाठी. सरोजबाईंनी नाच जल्लोषाचा ठेवला आणि वाट बघणं माधुरीच्या चेहऱ्यावर सोडून दिलं. पुन्हा कधी गाणं लागलं तर आवाज बंद करून नुसता चेहरा बघा.

या गाण्यासाठी अलका याज्ञिक यांना फिल्मफेअर मिळालं. त्यांचं ते पहिलं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की नृत्यदिग्दर्शनासाठी फिल्मफेअरमध्ये तोवर पुरस्कारच नव्हता. तो सुरू झाला आणि पहिला मान सरोज खान यांना या गाण्यासाठी मिळाला. पन्नासच्या दशकापासून सोहनलाल यांच्या हाताखाली, गर्दीतली नाचणारी पोर म्हणून ज्यांनी सुरुवात केली, त्या बाईंसाठी एका संस्थेला नवा रकाना उघडावा लागला. डमी आकड्यांनी केलेलं हे काम.

पुरुषाच्या आवाजातली याची दुसरी आवृत्ती तुम्हाला आठवते का? अमितकुमार यांनी गायलेली, अनिल कपूरवर चित्रित झालेली. ती थट्टेची आहे, टपोरी आहे. तीच चाल, तेच आकडे. पण वाट बघण्याची कळ निघून गेल्यावर उरते ती खरोखर नुसती मोजणी. गीतकाराने काय केलं असं तुम्ही विचारलंत. दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ ऐका म्हणजे कळेल. २०१८ला ‘बागी २’मध्ये हे गाणं नव्याने आणलं, तेव्हा खुद्द एन. चंद्रांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली होती. ती त्यांची हक्काची नाराजी. मला त्या नव्या गाण्यात माणूस कुणाची वाट बघतोय असं वाटतच नाही, एवढंच म्हणतो.

डमी शब्द राहून जाण्याचा प्रकार फक्त मुंबईत होतो असंही नाही. इंग्लंडचे गायक फिल कॉलिन्स १९८५च्या सुमाराला जगभर गाजत होते. एकदा ड्रम मशीनच्या ठेक्यावर ते तोंडाला येईल ते बरळत होते, त्यात ‘ससुडिओ’ असा एक शब्द निघाला. त्याला अर्थ शून्य. नंतर त्या जागी बरा शब्द बसवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तालात त्याच्याइतकं नेमकं काही बसेना. शेवटी तोच ठेवला आणि ते एका मुलीचं नाव आहे असं ठरवून गाणं पुरं केलं. अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याआधी वीस वर्षं बीटल्सच्या पॉल मॅकार्टनींनी ‘यस्टरडे’ची चाल बांधताना डमी म्हणून अंड्याच्या भुर्जीवर शब्द रचले होते! त्यांनी मात्र ते वेळीच बदलले, आणि बरं केलं. डमी ठेवायचा की फेकायचा, हे ज्याला कळतं त्याचीच ती कमाई. कॉलिन्सना ठेवण्यात शहाणपण दिसलं, मॅकार्टनींना फेकण्यात. अख्तरांनी ठेवला, वर त्याला तीस दिवसांचं कामही लावलं.


प्रश्न : किशोरकुमारांनी ‘अश्विनी ये ना’ गायलं तेव्हा मराठीतली काही अक्षरं गाण्यात येऊ द्यायची नाहीत अशी अट घातली होती, असं ऐकलं. कुणीतरी रचलेली गोष्ट वाटते.
— एक वाचक भगिनी, सिडको

उत्तर : रचलेली नाही. ‘गंमत जंमत’चे दिग्दर्शक सचिन पिळगावकर स्वतःच ही हकीगत सांगतात. चित्रपट १९८७चा. अशोक सराफ आणि चारुशीला साबळे यांच्यावरच्या या गाण्यासाठी सचिनना किशोरकुमारच हवे होते. किशोरदांची धास्ती अशी, की मराठी उच्चार आपल्याला जमणार नाहीत आणि लोक हसतील. विशेषतः ‘च’ आणि ‘ळ’. ही दोन अक्षरं टाळून गाणं लिहून आणा, असं त्यांनी सांगितलं. मग शांताराम नांदगावकरांनी तो पेपर सोडवला.

अट विक्षिप्त वाटते, पण ती घालणाऱ्याचा कान किती तयार होता ते बघा. किशोरदांचं गांगुली कुटुंब बंगाली, जन्म खांडव्याचा, आयुष्य गेलं हिंदीत. ‘ळ’ यांपैकी कुठेच रोजच्या वापरात नाही. आणि मराठीत ‘च’ एक नाही, दोन आहेत. ‘चहा’मधला वेगळा, ‘चाक’मधला वेगळा. लिहिताना दोन्ही सारखेच, कुठे कुठला लावायचा हे आपल्याला कुणी शिकवत नाही, कानाने येतं. परप्रांतीय माणूस ‘चाक’मध्ये ‘चहा’चा च लावतो आणि तिथे आपण ओळखतो, की हा बाहेरचा. किशोरदांनी नेमक्या त्याच दोन जागा हेरल्या. एवढ्या अचूकपणे आपली दुखरी जागा ओळखणारा गायक उच्चारात कच्चा असतो असं मी तरी मानणार नाही.

त्यांना तयार करणं सोपं गेलं त्याचं आणखी एक कारण असावं. संगीतकार अरुण पौडवाल हे एस. डी. बर्मन यांचे सहायक होते, आणि बर्मनदांच्या घरी किशोरकुमार घरच्यासारखेच. अरुण पौडवाल यांच्या पत्नी अनुराधा याच गाण्यात सहगायिका. म्हणजे मराठी गाणं असलं तरी खोलीत सगळी ओळखीची माणसं. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला किशोरकुमार गेले. मराठीला ते मिळाले ते असे अगदी शेवटी.

गाण्यातल्या खोड्या, ते लाडिक आवाज काढणं, यांवर तेव्हा काही मराठी समीक्षकी कान टवकारले गेले असतील तर नवल नाही. पण ती किशोरकुमारांची नेहमीचीच चाल. उच्चारांचं ओझं उतरल्यामुळे त्यांना हुंदडायला जागा मिळाली. नांदगावकर एरवी हळव्या भावगीतांचे कवी. इथे त्यांनी दोन अक्षरं बाजूला ठेवून हलकंफुलकं गाणं लिहिलं. आजही वरातीत ते लागलं की नवरीचं नाव काहीही असो, सगळे अश्विनीलाच बोलावतात.


प्रश्न : ‘जिमी जिमी’ चोरलेलं आहे का? एका शब्दात सांगा.
— एक महाविद्यालयीन वाचक, खडकेश्वर

उत्तर : हो.

एका शब्दात सांगितलं. आता थोडं जास्तीचं. १९८२च्या ‘डिस्को डान्सर’मधलं हे गाणं बप्पी लाहिरींनी ‘ओटावान’ या जोडीच्या १९८०च्या एका फ्रेंच डिस्को गाण्यावरून बेतलं. त्या मूळ गाण्याच्या कर्त्यांपैकी एक होते डॅनिएल वांगार्ड. त्यांचा मुलगा थॉमस पुढे ‘डाफ्ट पंक’मधला अर्धा भाग झाला, आणि ते नाव तुम्हा मंडळींना मी सांगायला नको.

चोरी म्हणावी, पण नुसती नक्कल म्हणू नये. फ्रेंच गाणं उनाड आणि मजेत आहे. चित्रपटात नायक जिमीच्या डोळ्यांदेखत आई विजेच्या गिटारचा धक्का बसून गेलेली, त्याला स्टेजवर उभं राहवत नाही आणि पार्वती खानच्या आवाजात त्याला गाण्यासाठी हाक मारली जाते आहे. तीच चाल इथे विनवणी होते. कथा भडक आहे यात वाद नाही. पण सोव्हिएत रशियात या चित्रपटाची सहा कोटींच्या आसपास तिकिटं विकली गेली, ती काही फ्रेंच डिस्कोच्या हौसेपोटी नाही. ते लोक मिथुन चक्रवर्ती आणि त्या आईसाठी आले होते.

आणि २०२२च्या ऑक्टोबरमध्ये चीनमध्ये करोनाच्या टाळेबंदीने लोक घरात अडकलेले असताना हेच गाणं अचानक तिथल्या मोबाइलवर फिरू लागलं. ‘जिमी’ हा उच्चार चिनी कानांना ‘तांदूळ उसने द्या’ असा ऐकू येतो. लोक रिकामी भांडी दाखवत, लुगड्यासारखं काहीतरी गुंडाळून त्यावर नाचत होते. सरकारवर थेट टीका करायची सोय नाही, गाण्यावर नाचायची आहे. त्यातल्या किती जणांना बप्पीदा माहीत होते आणि किती जणांना ओटावान, विचारू नका.

मूळ फ्रेंच गाणं ऐकायचं असेल तर जरूर ऐका. तीस सेकंदांच्या आत ओळखाल. मग घरच्यांना ऐकवा आणि पैज लावा. मी लावली आहे, हमखास जिंकता येते.